दोरावरची चौथी जागा

आमच्या कंपनीत लाइनवर फोन नेता येत नाही. गेटजवळच्या कपाटात ठेवायचा आणि चहाच्या सुटीत जाऊन बघायचा. त्या दिवशी कपाट उघडलं तर अंकुशचे मिस्ड कॉल एकाखाली एक पडलेले. अंकुश वेरूळचा, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची पेरूची आणि पाण्याच्या बाटल्यांची गाडी आहे. आमचं बोलणं जवळपास रोजचं, पण ते गेममध्ये. फोन म्हणून त्यानं मला कधी लावलाच नव्हता. म्हणजे काय झालं असेल हे कळायला परत फोन करायची गरज नव्हती... आणि म्हणूनच मी केला नाही. फोन कपाटात ठेवला, चहा तसाच टाकला आणि लाइनवर जाऊन उभी राहिले. जोवर मी ऐकत नाही तोवर ते झालेलं नाही, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. खोक्यांना चिकटपट्टी लावताना ती तिरपी बसत होती, सुपरवायझर दुरून बघतोय हेही कळत होतं. शिफ्ट सुटल्यावर वाळूजच्या त्या धुळीच्या रस्त्याला, बसची वाट बघणाऱ्या बायकांच्या घोळक्यात उभी राहून शेवटी फोन लावला. अंकुश म्हणाला, "बाजी गेली गं." त्याच्यामागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. शेवटी तोच म्हणाला, "आता आपण दोघंच की वर्षा. दोघांचा दोर तर हालत बी नाय."

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. फोनवरचा एक गेम आहे, डोंगर चढायचा. चार माणसं एकाच दोराला बांधलेली असतात. स्क्रीनवर डावा अंगठा म्हणजे डावा हात, उजवा अंगठा म्हणजे उजवा. एक हात दगडाला धरून ठेवायचा, दुसऱ्यानं पुढचा दगड शोधायचा. दोन्ही सुटले की माणूस खाली जातो आणि दोर ताणला जातो, अगदी कर्रर्र आवाज करत. तेव्हा बाकीच्यांनी जागच्या जागी दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. त्यांनी धरलं तर पडलेला लटकतो, वाचतो. नाही धरलं तर सगळेच खाली. निदान तिघं असल्याशिवाय दोर तळावरून हलत नाही. म्हणून अंकुश तसं बोलला. बाजी म्हणजे मोठी बहीण, आमच्या दोरावरच्या फरीदाला सगळे तसंच म्हणायचे. ती गेल्याचं दुःख तर होतंच, पण त्याच क्षणी मला भीतीही वाटली, ती ही की या शहरात माझं जे काही होतं ते आता सुटणार.

मी गडचिरोलीकडची, वडशाच्या पलीकडं आमचं गाव. आठवीनंतर शाळा सोडली. मला कुणी सोड म्हणालं नव्हतं. घरात ओढाताण दिसत होती, पाठचे दोघं शिकत होते, तर मीच एके दिवशी दप्तर खुंटीला लावलं आणि सांगितलं की मला आता जायचं नाही. मग काकाच्या ओळखीनं एवढ्या लांब आले. खोलीवर आम्ही चौघी, पण शिफ्टा वेगळ्या, त्यामुळं एक उठते तेव्हा दुसरी झोपते. कुणाशी बोलणं असं नाहीच. त्यातलीच एक हा गेम खेळायची, तिनं माझ्या फोनमध्ये टाकून दिला. मला खेळण्यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं. गेममधल्या ज्या कुठल्या खोलीत शिरायची तिथली माणसं मी पडले की शिव्या द्यायची. एकदा सॉरी म्हणायला माइक चालू केला, तर बाईचा आवाज ऐकून आधी सगळे गप्प झाले आणि मग जे बोलायला लागले ते इथं लिहिता येणार नाही. तेव्हापासून माइक बंद. तरी खेळायचं सोडवत नव्हतं. रिकाम्या वेळात दुसरं करणार काय...

अशीच एका संध्याकाळी चुकून फरीदाबाजीच्या खोलीत शिरले. मागं शिलाई मशीनचा आवाज येत होता. बाजी गारखेड्यात राहायची, शाळेचे गणवेश शिवायची, आणि ऑर्डरच्या मधल्या वेळात डोंगर चढायची. तिथं अंकुश होता, आणि एक कॉलेजचा मुलगा. मी सवयीनं सगळ्यात खाली, शेपटाला जाऊन बांधून घेतलं. तर मशीन थांबली आणि आवाज आला, "शेवटाला कायकू? वर जा पोरी. तू वर, आम्ही खाली." मला वाटलं ही मस्करी आहे. आता वर पाठवतील आणि हसतील. पण तिथला तो कायदाच होता. दोरावर चार जागा, त्यातली एक कायम नव्या माणसाची, ज्याला धड धरताही येत नाही त्याची, आणि ती सगळ्यात वर. बाजीचं म्हणणं असं की मागं मागं येणाऱ्याला नुसत्या दुसऱ्याच्या पाठी दिसतात, दगड दिसतच नाहीत. आणि वरचा पडला तर खालच्या तिघांजवळून खाली जातो, धरायला सवड मिळते.

मी पडलेच. पहिल्या कड्यावरच. कर्रर्र झालं आणि मी लटकले. शिव्यांची वाट बघत अंग आखडून बसले होते, तर अंकुश म्हणाला, "तो काळा दगड खोटाय. त्याला धरून मी लई येळा आपटलोय." कॉलेजचा मुलगा म्हणाला, मी तर काल आपटलो. हीसुद्धा तिथली रीत होती. जिथं नवा पडेल तिथं आपण कसे पडलो होतो ते सांगायचं, त्याचं काय चुकलं ते नाही. मी पुन्हा चढले आणि पुन्हा पडले. आणि या वेळी मात्र दोर आणखीच ताणला गेला. गेममध्ये कमरेपाशी गाठीचं एक चित्र असतं. ते दाबलं की आपण दोरापासून सुटतो, एकटेच खाली जातो, बाकीचे जागच्या जागी राहतात. मी ते दाबलं. माझ्यामुळं तिघांना कशाला... असं वाटलं. खरं तर एवढंही वाटायला वेळ नव्हता. दप्तर खुंटीला लावलं होतं तसाच अंगठा गेला.

तळावर जाऊन पडले आणि गेम बंद करणार तेवढ्यात बाजी म्हणाली, "थांब तिथंच. आम्ही खाली येतोय." आणि खरंच ते तिघं सगळा चढलेला कडा एकेक दगड करत परत उतरले. चढण्यापेक्षा उतरणं जास्त कठीण असतं हे मला पुढं कळलं. मी तळावरच्या शेकोटीपाशी उभी राहून त्यांना उतरताना बघत होते. खाली आल्यावर बाजीनं विचारलं, गाठ का सोडलीस? मी माइक चालू केला. किती दिवसांनी कुणास ठाऊक. म्हणाले, "माझ्यामुळं तुम्ही सगळे पडले असते."

"मग पडलो असतो," बाजी म्हणाली. "आमचं घर थोडंच पडणार होतं?"

तिघंही हसले आणि मीपण हसले. मग ती जरा कडक आवाजात म्हणाली की बाई, इथं काहीही कर, वाट चुक, झोप लागू दे, पण न विचारता गाठ सोडायची नाही. धरायचं का नाही ते खालचे ठरवतील. तू परस्पर ठरवायचं नाही.

बाजी स्वतः चाळिशीनंतर शिकली होती. भाच्यानं टाकून दिलेला फोन, त्यात हा गेम, आणि तिलाही माझ्यासारखंच ठिकठिकाणांहून हाकललेलं. म्हणून तिनं आपली खोली उघडली. तिची शिकवायची पद्धत उलटी होती. ती सांगायचीच नाही कुठं धरायचं. म्हणायची, मला खालून दिसत नाही, तूच सांग वर काय आहे. मग मी सांगायची, डावीकडं भेग आहे, तिच्यावर बर्फ आहे... आणि सांगता सांगताच मला दिसायला लागायचं. माझी बोली ऐकून अंकुश चिडवायचा, आमच्यात 'मले-तुले' म्हणणारी तूच एक. पण त्या चिडवण्यानं माइक बंद करावासा वाटला नाही. कंपनीत दिवसभर मी चार शब्द बोलत नसे, पण इथं तासभर माझी टकळी चालायची.

एक गोष्ट मात्र मला सारखी खायची. जो शिकला त्यानं उठायचं, दुसरा दोर बांधायचा आणि आपली जागा पुढच्या नव्याला द्यायची, असा तिथला शिरस्ता. अंकुश बाजीच्या जोडीला कायमचा, पण कॉलेजचा मुलगा असाच गेला. मलाही नीट चढता यायला लागलं होतं. बाजी टोमणा मारायची, "आठवीनंतर शाळा सोडलीस ना गं? मग इथं कशी चिकटून बसलीस?" बाकीचे हसायचे. मी मुद्दाम एखादा दगड सोडायची, म्हणजे हिला अजून येत नाही असं वाटावं. बाजीला ते कळत असणार. कॉलेजच्या मुलाच्या जागी मला खाली घेतलं तिनं, आणि वरची जागा पुन्हा नव्यांना मोकळी केली. पण उठ म्हणाली नाही.

मग मशीनचा आवाज बंद झाला. मला वाटलं शाळा सुरू झाल्या, गणवेशाचा हंगाम सरला. नंतर तिच्या बोलण्यात मधे मधे दम लागायला लागला. एकदा तर बाजीच पडली. ती कधी पडत नसे. मी आणि अंकुशनं धरलं, वरचा नवा माणूस घाबरून ओरडला, आणि ती लटकलेली, काहीच न बोलता... मी हाका मारत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाली, झोप झाली नाही आज. त्यानंतर ती येईनाशी झाली. कधी घरी पाहुणे, कधी डोळे दुखतायत, कधी नुसतंच 'उद्या'. माझ्या मनात नको ते. मला दोरावरून उठवायचंय आणि तोंडावर सांगवत नाही, म्हणून ती येत नाही, असंच मी धरून बसले. अंकुशला विचारलं तर तो टाळाटाळ करायचा. त्याचं टाळणं मला ऐकू यायचं, कारण असा गप्प राहणारा तो माणूसच नाही. शेवटी मी रडकुंडीला आल्यावर त्यानं सांगितलं. पेरू द्यायला तो एकदा बाजीच्या घरी गेला होता तेव्हा त्याला कळलं होतं. आजार आतला होता, पसरलेला होता, आणि दवाखान्यातून घरी पाठवून दिलं होतं. बाजीनं त्याच्याकडून शब्द घेतला होता की दोरावर कुणाला सांगायचं नाही, पोरं खेळायला येतात, त्यांना कशाला.

सुटीच्या दिवशी मी गेले. अंकुशनं सांगितलेल्या खुणा धरून, गारखेड्यात दोनदा चुकून. दारात उभी राहिले तेव्हा परत फिरावं असंच वाटत होतं. जिनं लपवलं तिच्या घरी न बोलावता जायचं म्हणजे... दार एका उंच, पांढऱ्या दाढीच्या माणसानं उघडलं. सलीमभाई, बाजीचे मिस्टर. शाळेच्या मुलांची रिक्षा चालवतात. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि आत बघून एवढंच म्हणाले, "फरीदा, तेरे पहाडवाले आए." मशीनवर चादर टाकलेली होती आणि त्या चादरीवर औषधांच्या पट्ट्या. बाजी पलंगावर. मी मनात धरलेली बाजी अंगानं भरलेली, मोठ्या हातांची होती. ही उशीएवढी होती. फक्त आवाज तोच, आणि तो रागावलेला. कुणी सांगितलं तुला? सुटीचा एक दिवस मिळतो, तो इथं कशाला घालवतेस? जा, खोलीवर जाऊन झोप.

मला उलटं बोलायची सवय नाही. पण तोंडातून गेलं, "तुम्ही गाठ कायले सोडली?"

सलीमभाईंना काही कळलं नाही, ते एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. बाजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी तिथंच, चपला हातात घेऊन उभी. बसू का निघू, तेही कळेना. मग ती भिंतीकडं बघतच म्हणाली, "दोर लई ताणला होता गं."

"मग ताणू द्या ना," मी म्हटलं. "परस्पर नाही ठरवायचं."

तिनं मान वळवली. हसली नाही, पण सलीमभाईंना म्हणाली, "सुनो, चाय रखो. ये जाती नई अब."

मग दर सुटीला मी जायला लागले. कधी वेरूळहून अंकुशही यायचा. तिचे पाय चेपायचे, केस विंचरायचे, आणि पलंगाच्या कडेला बसून फोनवर चढायचं. ती बघायची, थकली की डोळे मिटायची. डोंगराचं अगदी वरचं टोक आमच्या दोरानं कधी गाठलं नव्हतं. गाठणार कसं? वरच्या जागेवर कायम कुणीतरी नवखा, तो पडायचाच. अंकुशच्या मनात आलं की एकदा, फक्त एकदा, वरचा माणूस पक्का घ्यावा आणि बाजीला ते टोक दाखवावं. मलाही ते पटलं होतं. किंबहुना मला त्याची घाई झाली होती, कारण तिचं बोलणं दिवसेंदिवस तुटत चाललं होतं. अंकुशनं भीतभीत विषय काढला. बाजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वर काय हाय रे? बर्फच की." सलीमभाई तेव्हा औषधाला गेले होते. ती माझ्याकडं वळून हळू आवाजात बोलायला लागली. हा माणूस कुणाशी बोलत नाही, म्हणाली. रिक्षात पोरं असतात तेवढा वेळच त्याचं तोंड उघडतं. घरात आम्ही दोघंच, मूल नाही. माझ्यामागं हा मुका होईल... मला टोकाचं काही नाही. मला ह्याची भीती वाटते.

सलीमभाई आले. बाजीनं आपला फोन त्यांच्यासमोर धरला. त्यात तिनं त्यांच्यासाठी नवं नाव आधीच तयार करून ठेवलेलं होतं, 'मियाँजी'. ते वाचून अंकुश फिस्सकन हसला. सलीमभाई दारातच थांबले. "मेरे कू कायकू?" म्हणाले. हे असलं काही ते आयुष्यात खेळले नव्हते, उलट या डोंगरापायी भात करपतो म्हणून कुरकुरणारे.

"तुम ऊपर जाओ," बाजी म्हणाली. "लोगां हैं नीचे."

रिक्षाचं हँडल धरावं तसा त्यांनी फोन दोन्ही मुठींत धरला. चढले, पडले, आम्ही धरलं. अंकुशनं आपल्या आपटण्याचा किस्सा सांगितला. पुन्हा पडले. ते एक शब्द बोलत नव्हते, कपाळावर घाम जमला होता, आणि मला सारखं वाटत होतं की आता हे फोन पलंगावर टाकून उठून जातील. बाजी त्यांच्या अंगठ्यांकडं बघत होती. डावीकडं धरा, असं तिनं सांगितलं नाही. तिनं नुसतं विचारलं, ऊपर क्या दिख रा? ते म्हणाले, पत्थर. कोणता, तिनं विचारलं. त्यांनी फोन तिच्या उशाशी ठेवला आणि पाणी आणायला आत गेले. पुढच्या सुटीला मी गेले तेव्हा ती बोलण्याच्या पलीकडं होती. नुसता हात धरून बसले. त्यानंतरच्या आठवड्यात अंकुशचे ते मिस्ड कॉल.

मातीला, कबरस्तानात, बायका जात नाहीत. मी घरातल्या बायकांत बसले होते. सलीमभाईंची विधवा बहीण रोशन जालन्याहून येऊन राहिली होती, स्वयंपाकाचं तीच बघत होती. निघताना मी सलीमभाईंसमोर उभी राहिले, तर त्यांनी मान हलवली, बस. रोशननं दारापर्यंत येऊन सांगितलं की भाई बोलतच नाही. रिक्षाही लावून ठेवलीये.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही दोघं तळावर जाऊन बसायचो. शेकोटी पेटलेली, दोर गुंडाळून पडलेला. दोघांना तो उचलता येत नाही. एखादा अनोळखी यायचा, आम्ही नुसतेच बसलोय बघून निघून जायचा, आणि आम्हीही त्याला थांब म्हणत नव्हतो. अंकुश म्हणायचा, सलीमभाईंना फोन करू का? मी म्हणायची, नको. बोलावलं आणि नाही म्हणाले तर बाजीचं तेवढंही राहिलेलं संपेल, अशी मला भीती. म्हणून मी काहीच करत नव्हते. बाजीचा चाळिसावा दिवस झाला. त्या रविवारी अंकुश म्हणाला, हे शेवटचं हं वर्षा, पुढं सीझन सुरू होतोय, गाडी सोडून मला बसता येणार नाही. मी बरं म्हटलं. काही वेळ गेला आणि शेकोटीपाशी एक तिसरं माणूस येऊन उभं राहिलं. डोक्यावर नाव, मियाँजी.

माइक चालू होता. श्वास ऐकू येत होता, मागं भांड्यांचा आवाज. बाजी असती तर काहीतरी बोलली असती आणि सगळं सोपं झालं असतं. पण बोलायला आता मीच होते. म्हटलं, "सलीमभाई, वर जा. आम्ही खाली आहोत." ते हलले नाहीत. मग हळूहळू दोराच्या वरच्या टोकाला जाऊन त्यांनी बांधून घेतलं. पहिल्याच कड्यावर पडले. दोर कर्रर्र झाला, आम्ही धरलं. पुन्हा चढले. मी विचारलं, वर काय दिसतंय? ते त्याच जागी एका हातानं लटकून राहिले. मग एकदम, खरवडल्यासारखा आवाज आला. वरचं नाही, खालचं विचारत होते.

"ये चौथी जगा खाली कायकू रखे?"

बाजीची रिकामी जागा होती ती. तिथं कुणाला बसवायचं हा विचार आम्ही दोघांनी टाळला होता. मग सलीमभाईच म्हणाले, "मेरी बहन है घर में. उसको मोबाइल का कुच बी नई आता."

आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत, माइक चालू असतानाच, ते घरात मोठ्यानं ओरडले, "रोशन... हात पोंछ के इधर आ जरा."